अंगातली हुशारी

महागावच्या तहसील कचेरीसमोर शीला पांढरीपांडे एकतीस वर्षं अर्जनवीस म्हणून बसत आल्या आहेत. लोकांचं म्हणणं सरकारी भाषेत उतरवायचं आणि सही घेण्याआधी तोच कागद त्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगायचा, हा त्यांचा शिरस्ता. न कळलेल्या कागदावर त्यांनी कुणाला अंगठा उमटवू दिला नाही.

हे ऐकूनच यवतमाळची डॉक्टर केतकी त्यांच्याकडे आली. झोपेच्या तक्रारींवर तिचं काम चाले. माणूस दिवसा किती तरतरीत असतो हे मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली तिने मराठीत करून आणली होती. भाषा शुद्ध, पण उत्तरं भलतीच येत होती.

"पहिला प्रश्न वाचा बरं," शीलाताई म्हणाल्या.

"दिवसभरात तुम्हाला किती सतर्क वाटते?"

शीलाताईंनी जमिनीच्या फेरफाराच्या अर्जासाठी थांबलेल्या पुंडलिकरावांना तोच प्रश्न विचारला.

"सतर्क काहून? गावात चोर आले का?" ते हसले. "मले तं बिलकुल नाही वाटत. मजेत आहो मी."

"बघा," शीलाताई म्हणाल्या, "हा पहाटेपासून शेतात राबून आलेला गडी, आणि तुमच्या कागदावर याला शून्य. 'हुशार' लिहा. तापातून उठलेला माणूस आपल्याकडे म्हणतो ना, आता जरा हुशारी वाटून राह्यली!"

केतकीने लिहून घेतलं. पण भाषांतर तपासायचा नियम असा, की मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाने मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं. नागपूरच्या चारुदत्त सरांकडून इंग्रजीत परत आलेल्या प्रश्नाचा अर्थ निघाला: तुम्ही दिवसभरात किती बुद्धिमान असता?

केतकीने संकोचत शीलाताईंना फोन केला.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "मी हुशार दिलं, द्यायची होती हुशारी. असं लिहा: 'दिवसभर अंगात किती हुशारी वाटते?' अक्कल डोक्यात असते, अंगात नाही."

या वेळी प्रश्न बिनचूक परत आला.

मग खरी परीक्षा सुरू झाली. महागाव आणि दिग्रसमधल्या एकशे ऐंशी जणांनी प्रश्नावली भरली. त्यानंतर लगेच तरतरी मोजणारी, दिवा लागताच बटण दाबायची चाचणी दिली. पंधरा दिवसांनी प्रश्नावली पुन्हा भरली. वाचता न येणाऱ्यांना शीलाताई स्वतः वाचून दाखवत, पदरचा एक शब्दही न घालता. आकडे आले तेव्हा केतकी धावतच महागावला आली. दोन्ही वेळची उत्तरं जुळली होती, आणि ज्यांनी हुशारी कमी सांगितली त्यांचंच बटण उशिरा दबलं होतं.

"फक्त एक प्रश्न काढावा लागेल," ती चाचरत म्हणाली. "'समोरचा बोलताना तुमचं ध्यान सुटतं का?' याची उत्तरं कशाशीच जुळत नाहीत."

तो प्रश्न शीलाताईंच्या खास आवडीचा. "का नाही जुळत? याहून सोपं काय विचारायचं?"

केतकीने दिग्रसच्या बिजलीबाईंचा कागद पुढे केला. उत्तराच्या चौकोनाबाहेर त्यांनी पेनाने लिहिलं होतं: 'कोन बोलते त्याच्यावर आहे.'

शीलाताई खळखळून हसल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो प्रश्न खोडला.