वाणाच्या बाटल्या

वडीगोद्रीला रस्त्यावरच आमचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. हे माल आणायला जालन्याला गेले की मी दुकानात बसायची. बसायची म्हणजे पदर ओढून नुसती बसायची. गिऱ्हाइकानं बोटानं दाखवायचं, मी बाटली काढून द्यायची. तोंडातून शब्द निघायचा नाही. "मुकी हाय का काय?" असं एकानं दुसऱ्याला विचारलेलं मी ऐकलं होतं.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद यायचा. पुष्कळ भाषांत, मुंगीएवढ्या अक्षरांत. लोक खोकं तिथंच फाडायचे, बाटली न्यायचे आणि कागद आमच्या पायरीवर टाकायचे. चौथीत शाळा सुटल्यापासून मला वाचायला असं काही मिळालं नव्हतं. मग मी ते कागद गोळा करून बोट लावून वाचू लागले. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, फवारताना तंबाखू खाऊ नका. बाटलीवरच्या चौकोनात लाल रंग म्हणजे सगळ्यात जहाल आणि हिरवा त्या मानानं सौम्य, हे मला त्यातच कळलं.

एकदा संक्रांतीच्या तोंडावर गल्लीतल्या काकू दुकानात आल्या. त्यांच्याकडे कपाशी भरपूर, त्यामुळे फवारणीही भरपूर.

"सूनबाई, त्या चांदीवाणी बाटल्या रिकाम्या असतील तर दे. माझ्या कमी पडून राह्यल्यात. राखेनं अशा घासल्यात, तोंड दिसतंय! औंदा तेच वाण लुटणार. तेलाला बऱ्या."

त्या बाटल्यांवर लाल चौकोन असायचा. मी नुसती 'नाहीत' अशी मान हलवली आणि काकू निघून गेल्या.

हे आल्यावर मी यांना सांगितलं, "तुम्ही काकूंना समजावा."

"बायकांच्या हळदीकुंकवात मी जाऊ? लुगडं नेसून?" हे हसले. "तूच जा."

सगळी गल्ली त्या बाटल्यांत तेल भरणार होती. हळदीकुंकवाच्या दिवशी कमरेला कागद खोचून मी गेले. वाटभर मनात वाक्यं जुळवली आणि काकूंच्या उंबऱ्यावर सगळी विसरले. परातीत बाटल्या झगमगत होत्या. दोघीतिघींच्या हातात पडल्याही होत्या. मी कागद काढला आणि शाळेत धडा वाचायचो तशी ताठ उभी राहून, हेल काढून वाचायला लागले. "रिकामी बाटली धुऊन खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी वापरू नये. फोडून वस्तीपासून लांब पुरावी."

"अगं बया, ही बोलती!" एक जण म्हणाली.

"अन् पोथी कशाची वाचून राह्यली?"

काकू फणकारल्या. "वास बिलकुल न्हाई त्याला. घे, हुंगून बघ."

"वास गेला म्हणून जहर जात न्हाई, काकू. पोरंबाळं खातेत ते तेल." हे मी कागदात न बघता बोलले.

कडेवर लेकरू असलेल्या एकीनं बाटली गुपचूप परातीत ठेवली. मग बाकीच्यांनीही ठेवल्या. काकूंचा चेहरा पडला. "मंग आता सवाशिणींना रिकाम्या हातानं धाडू का?"

मी पळतच दुकानात गेले आणि दुधीच्या, मेथीच्या बियाण्याच्या पुड्या ओच्यात भरल्या.

"अगं, कुठं निघालीस?"

"हळदीकुंकवाला!" मी यांच्यावर चक्क ओरडले.

काकूंनी एकेकीच्या ओटीत पुडी घातली. "माझं वाण उगवणार हाय बरं का!" असं त्या प्रत्येकीला सांगत होत्या, जणू महिनाभर आधीच ठरवलं होतं. बाटल्यांना यांनी खिळ्यानं भोकं पाडली आणि रानाच्या कडेला खोल पुरल्या.

त्या साली गल्लीत कुंपणाकुंपणावर दुधी लोंबले. आणि फवारणीचे दिवस आले की काकू आमच्या पायरीवर येऊन बसायच्या. कुणी बाटली उचलून निघालाच तर त्याला अडवायच्या, "थांब की रे! जल्दी कशाची? पोथी होऊ दे."

मग मी उभी राहून वाचायची आणि घाईतली माणसंही टोपी सारखी करून ऐकत उभी राहायची.