डेझीच्या मागं चाळीस माणसं

आयुष्यात मी एकदाच शिकारीला गेलो, आणि तेही कुत्र्याला फिरवायला निघालो होतो म्हणून.

दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. गोंदियाला जंगल कचेरीत मी कारकून होतो. कारकून म्हणजे हंगामी! दर सहा महिन्यांनी साहेबांची मर्जी झाली तर पुढचे सहा महिने. साहेबांनी एकदा चार ओळींची शिफारस लिहिली की नोकरी पक्की, पण त्या चार ओळी काही लिहून होत नव्हत्या. आणि दवनीवाड्याचे आमचे सासरे, म्हणजे मामाजी, भेटले की तब्येत विचारायच्या आधी विचारायचे, "काऊन जावाईबापू, पक्के झाले का अजून कच्चेच?" जसा काही मी तणसात पिकत घातलेला आंबाच!

साहेब इंग्रज. त्यांच्या मॅडम ससेक्स नावाच्या मुलखातल्या. मॅडमला रोज सकाळी कुत्रीला घेऊन जंगलात पायी फिरायची सवय. कुत्रीचं नाव डेझी. लांब कान, तपकिरी ठिपके, आणि डोळे असे की ती आपली सगळी कैफियत ऐकून घेते आहे असं वाटावं. (कचेरीत तसं ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं.) वाटेत गावकऱ्यांशी बोलायला दुभाष्या पाहिजे, म्हणून मॅडमनी मला सोबत न्यायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "मॅडम, जाना कहाँ है?"

"कहीं नहीं, बाबू. सिर्फ चलना माँगता."

कुठेच जायचं नाही आणि चालायचं! मला वाटलं, उन्हानं बाईंचं डोकं फिरलं. पण खोटं कशाला बोलू, आठवड्याभरात मलाच त्याची गोडी लागली. मॅडम सांगायच्या, त्यांच्या मुलखात पायवाटा शेतांमधून जातात. कोणीही चालावं, शेतकरी काठी घेऊन अंगावर येत नाही. जनावरांपाशी आलं की कुत्र्याची दोरी आखडून धरायची, फाटक उघडलं तर आपल्या हातानं लावून घ्यायचं. वसंतात तिथल्या झाडांखाली जमीन निळ्या फुलांनी भरून जाते म्हणे. हे सांगता सांगता त्या आमच्या फुललेल्या पळसाखाली थांबायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या. मी जन्मभर त्या पळसाच्या पानांवर जेवलो होतो, पण मान वर करून झाड बघितलं ते मॅडमच्या सोबत. केवढं देखणं झाड! मला माझीच लाज वाटली.

फाल्गुनात साहेब आणि मॅडम चार दिवस नागपूरला गेले. जाताना मॅडमनी डेझीची दोरी माझ्या हातात दिली.

"बाबू, रोज एक घंटा जंगल में घुमाना. और जानवर दिखे तो भागने का नहीं. बोलना, सिट!"

"जी मॅडम."

साहेब मागून म्हणाले, "बाबू, सिफारिश का कागज नागपूर से आने के बाद देखेगा." बघा, म्हणजे माझी अख्खी नोकरी त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला बांधली होती!

नेमकं त्याच वेळी सासरहून बोलावणं आलं. बायको म्हणाली, "मी तं जाईनच. तुमी त्या कुत्रीपायी घरी रायता का?" मी म्हणालो, कुत्रीही येईल. बैलगाडीत बायको एका बाजूला, मी एका बाजूला आणि मधे गादीवर डेझी. बायको दवनीवाड्यापर्यंत माझ्याकडे पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला निघालो. मॅडमनी दिलेली वेताची छडी हातात, साहेबांची जुनी टोपी डोक्यावर, पायात बूट, आणि दोरीला डेझी. (आरशात पाहिलं तेव्हा मला मी फार भारदस्त वाटलो होतो. इथेच चुकलं.) गावाबाहेर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सोमाजी भेटला. मामाजींच्या शेजारचा शेतकरी.

"कोठी चालले जी जावाईबापू?"

"कुठे नाही. फिरायला."

"फिराले? जंगलाकडं?"

"हो."

"कायले?"

"कशाला नाही. असंच."

सोमाजीनं डेझीकडे पाहिलं, छडीकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. मग डोळा बारीक केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "समजलं जी. समजलं."

त्याला काय समजलं ते मला समजलं नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या जंगलमुलखात, कुत्र्याला कोणी दोरी बांधून नेत नाही. कुत्रं आपलं आपण हिंडतं. दोरी बांधतात ती फक्त शिकारीला नेताना. आणि शिकारीला निघालेला माणूस 'शिकारीला चाललो' असं कधीच सांगत नाही, कारण तोंडातून नाव निघालं की जनावर पळतं अशी पक्की समजूत! कोणी विचारलंच तर म्हणायचं, "कोठी नाई, असाच." म्हणजे मी जे जे खरं बोललो, ते ते शिकाऱ्यानं बोलायचं रीतसर खोटं होतं.

त्यातून त्या साली रानडुकरांनी लाखोरी डाळीच्या शेतांची धूळधाण केली होती. गाव टपूनच बसलेलं. मी शंभर पावलं गेलो असेन, मागे वळून पाहतो तर सोमाजी कुऱ्हाड घेऊन येतोय. त्याच्यामागे त्याचे दोन भाऊ, बरच्या घेऊन. कोणी एक अक्षर बोलत नाही!

"तुम्ही कुठे निघालात?" मी विचारलं.

"कोठी नाई जी," तिघं एका सुरात म्हणाले, "असाच."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मनात म्हटलं, वा, फिरण्याची गोडी दवनीवाड्यालाही लागली! मॅडमना सांगितलं तर केवढ्या खूश होतील! (असा मी. अशा माणसाला पक्की नोकरी कोण देणार?)

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीपर्यंत पंधरा जण झाले, काहींच्या काखेत डबे आणि थाळ्या. पळसाच्या रांगेपाशी पंचवीस. मी थांबून सगळ्यांना वर बघायला लावलं, "पाहा, पाहा, काय फूल फुललंय!" पंचवीस माणसांनी माना वर केल्या आणि फांद्यांमध्ये जनावर शोधलं. मग माझ्या कानावर मागची कुजबुज आली.

"मांडी आमच्या घरची."

"काऊन? मांगल्या खेपेले तूच नेली ना बे!"

"अना कुत्रीचा वाटा? कुत्रीचा वाटा अलग निंगते."

"थो जावाईबापूच्या घरी जाईन."

बाप रे! हे फिरायला नाही आले, हे डुक्कर मारायला आले आहेत! आणि समोर दोनशे हातांवर चुना मारलेले दगड दिसत होते. त्या दगडांच्या पलीकडे सरकारी राखीव जंगल. तिथे परवान्याशिवाय शिकार म्हणजे गुन्हा. आणि गुन्हेगारांच्या पुढे कोण, तर जंगल कचेरीचा कारकून, साहेबांच्याच टोपीत, साहेबांच्याच कुत्रीसकट!

मी वळून ओरडणार, तेवढ्यात गर्दीतून मामाजी पुढे आले. हातात भाला, डोक्याला फेटा, आणि डोळ्यांत पाणी!

"जावाईबापू," माझा खांदा धरून म्हणाले, "मी तुमाले कारकून समजत होतो जी. माहं चुकलं."

लग्नाला चार वर्षं झाली होती. या माणसाच्या तोंडून माझ्याबद्दल पहिल्यांदा कौतुक निघत होतं. नाही म्हणवलं नाही हो! तुम्हीही नसतं म्हटलं.

दगडांपाशी पोचेपर्यंत चाळीस जण झाले होते, पण तिथे मात्र मी हात पसरून उभा राहिलो. "इथून पुढे कोणी जायचं नाही!"

"बेस!" मामाजी मागे वळून कुजबुजले. "डाव समजला का? हे आमचे जावाई इथंच उभे रायतीन. आपुन दोन्हीकडून हाकू."

आणि चाळीस माणसं दोन्ही अंगांनी झुडपांत शिरली. मी "अहो, नाही, नाही" म्हणतोय, तोवर दोन्ही बाजूंनी डबे, थाळ्या आणि आरोळ्या सुरू झाल्या. मी आणि डेझी दोघंच राहिलो. झुडूप हललं, मोडलं, आणि त्यातून डुक्कर बाहेर आलं. डुक्कर म्हणजे काय, केस उगवलेली धान्याची कोठीच! तिला दोन सुळे!

पुढच्या क्षणी आरोळ्या बंद पडल्या आणि झाडांवर सळसळ झाली. चाळीसच्या चाळीस माणसं मोहावर आणि तेंदूवर चढली होती. मीही चढलो असतो. पण डेझीची दोरी मनगटाला दोन वेढे घालून घेतलेली. घशातून एकच शब्द निघाला, तोही चिरकत. "सिट!"

डेझी बसली. खरं सांगतो, हूं नाही की चूं नाही! शेपूट व्यवस्थित गोळा केली, मान ताठ केली आणि त्या डुकराकडे असं बघितलं, जसं एखाद्या सभ्य बाईनं रस्त्यात धक्का मारणाऱ्याकडे बघावं. काय ते धीराचं जनावर! डुकरानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि कोणाचाही वाटा न देता सरळ राखीव जंगलात निघून गेलं.

झाडांवरून जयजयकार झाला. "नुसत्या छडीवर उभे रायले जी! हालले नाई!" मामाजी वरच्या फांदीवरून सगळ्यांना सांगत होते, "आमचे आहेत! आमचे जावाई!"

त्या गलक्यानं जंगलाचा नाकेदार धावत आला. "किसकी शिकार है? किसने हाका डाला?"

चाळीस हात झाडांवरून माझ्याकडे वळले. अभिमानानं!

नाकेदारानं तिथंच बसून रपोट लिहिला. चाळीस इसम, कुऱ्हाडी, बरच्या, एक इंग्रजी कुत्री आणि पुढारी अमुक. तो रपोट रीतीप्रमाणे गोंदियाला कचेरीत आला. साहेबांना मराठी वाचता येत नसे, म्हणून असले कागद इंग्रजीत उतरवून त्यांच्यापुढे ठेवायचं काम एका कारकुनाकडे होतं. तो कारकून मी!

मी बायकोला म्हणालो, "पुढाऱ्याच्या नावाचं अक्षर लागत नाही असं लिहितो."

"अना नाकेदारानं तोंडानं सांगतलं मंग? नौकरीबी जाईन अना इमानबी जाईन. जे झालं थे लिहा ना जी! फिराले गेल्ते, फिराले गेलो म्हना."

तिचं ऐकलं. रपोट शब्दशः उतरवला, खाली माझी हकीकत लिहिली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी वाचली. पुन्हा वाचली. मॅडमना बंगल्यावरून बोलावून घेतलं, त्या डेझीला घेऊनच आल्या.

"बाबू," साहेबांनी विचारलं, "चालीस आदमी?"

"जी साहेब."

"मारा क्या?"

"कुछ नहीं, साहेब. डुक्कर अपने आप चला गया."

मॅडम खुर्चीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. ससेक्समध्ये त्यांच्यासोबत फिरायला कधी सहाच्या वर माणसं आली नव्हती म्हणे! मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "डेझी बैठा? सच में बैठा?"

"बैठी, मॅडम. पत्थर के माफिक."

मॅडमनी डेझीला उचलून छातीशी धरलं आणि साहेबांशी इंग्रजीत कितीतरी वेळ भरभर बोलत राहिल्या. साहेबांनी नाकेदाराच्या रपोटावर 'सहल' असा शेरा मारून तो बंद केला. आणि मग, मंडळी, साहेबांनी कोरा कागद ओढला आणि माझी शिफारस लिहिली!

त्या चार ओळी मला आजही पाठ आहेत. "विश्वासू आहे. सांगितलेलं एका शब्दात ऐकतो. संकट समोर आलं तरी जागचा हलत नाही आणि उगाच कोणाच्या मागे धावत नाही." नोकरी पक्की झाली! मला इतकं भरून आलं की मी मॅडमचे आभार मानायला बंगल्यावर गेलो. म्हणालो, साहेबांनी माझी एवढी पारख केव्हा केली, कळलंच नाही.

मॅडम जरा अवघडल्या. मग म्हणाल्या, "बाबू, वो सब तो हमने डेझी के लिए बोला था. साहेब जल्दी में था, ऊपर तुम्हारा नाम डाल दिया."