मागं म्हंजी कुठं

"खुडूक झालीया ती. बुडवा चांगली," असं मामा अंगणातून म्हणाले, आणि मी उठून खिडकीशी येईपर्यंत मामींनी कोंबडी बादलीत घातली होती. डोकं खाली, पाय वर. पाण्यातून बुडबुडे आले. मामींनी तिला बाहेर काढलं, तिनं चोच उघडून श्वास घेतला, तेवढ्यात परत आत.

कोंबडी अंडी द्यायची थांबली आणि नुसतीच बसून राहायला लागली की तिला खुडूक म्हणतात, आणि ती खुडूक मोडायला तिला गार पाण्यात बुडवतात, हे मला त्या दिवशी कळलं. मांडवगण फराट्याला मामांकडे मी लहानपणापासून सुट्टीला येते. पण आमचं घर सणसवाडीत, भाड्याच्या दोन खोल्या, वडील कंपनीत. कोंबडी मला ताटातलीच माहीत होती. शाळा इंग्लिश मीडियमची. घरी आम्ही मराठीच बोलतो, तरी मामा म्हणतात की मी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलते. म्हणून मी तिथं कमी बोलते आणि बघत बसते.

ही तांबडी कोंबडी मामींची लाडकी होती. मामी गोठ्यात गेल्या की ही मागोमाग, त्या भांडी घासायला बसल्या की ही शेजारी. बुडवतानाही मामी तिला हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. शिव्याच होत्या, पण समजूत काढल्यासारख्या.

भिजलेली कोंबडी केवढीशी दिसते. उन्हात सोडल्यावर ती थोडी चालली आणि परत बसली. मामा म्हणाले, अशानं मोडायची नाही, पीस घालू. त्यांनी तिच्याच पंखातलं एक पीस उपटलं, तिला दोन गुडघ्यांमध्ये दाबून धरलं, आणि पिसाचा देठ एका नाकपुडीतून घालून दुसरीतून बाहेर काढला. चोचीवर रक्ताचा एक थेंब आला. आता हे पीस काढण्याच्या नादात ती पळेल, डोकं झटकेल, आणि बसायचं विसरेल, असा त्यामागचा हिशोब.

ती पळाली नाही. ओरडलीही नाही. भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, अंग ताठ, शेपटी खाली गेलेली, आणि थोड्या थोड्या वेळानं तिचं सगळं अंग आवळल्यासारखं व्हायचं. मागची बाजू लाल आणि ओली दिसत होती. ते लाल बाकीच्या कोंबड्यांना दिसलं. एकीनं येऊन नेमकी तिथंच टोच मारली. मग दुसरीनं. मग कोंबडा आला, तिच्या पाठीवर चढला आणि मान पकडून टोचायला लागला. पिसं उडाली. ती तशीच उभी.

मी धावत अंगणात गेले आणि पायातली चप्पल काढून फेकली. कोंबड्याच्या तंगडीवर बसली, तो लंगडत पळाला. मला बरं वाटलं, म्हणून दुसरीही फेकली.

मग मी तिला उचललं. जिवंत कोंबडी हातात घ्यायची माझी पहिलीच वेळ. ती तापली होती आणि तिचं हृदय माझ्या बोटांना लागत होतं. ओट्यावर बसून मी फोनवर शोधलं. खुडूक बसलेली कोंबडी घशातून खुडखुड आवाज काढते, अंग फुगवते, हात लावला की टोचायला येते, असं लिहिलं होतं. ही तर मुकी होती. मी तिचं ताठ उभं राहणं, आवळणं, खाली गेलेली शेपटी असं सगळं इंग्रजीत टाइप केलं, आणि उत्तर लगेच आलं. सांगितलं होतं तिथं मी हात लावून पाहिला. शेपटीच्या खाली, दोन पायांच्या मधे, कातडीच्या आत काहीतरी टणक आणि गोल होतं. अंडं. ते बाहेर पडत नव्हतं.

पुढे लिहिलं होतं की अशी कोंबडी दाबू नये, उलटी धरू नये. अंडं आत फुटलं तर टरफलाच्या कडा आतून कापतात आणि ती मरते. आम्ही तिला उलटी बुडवली होती आणि गुडघ्यांत आवळली होती.

सगळं मला माहीत झालं होतं, पण इंग्रजीत. त्या जागेला इंग्रजीत जो शब्द आहे, व्हेंट, तो भिंतीतल्या झरोक्यालाही चालतो, तो कुणासमोरही म्हणता येतो. मराठीत मला एकच शब्द माहीत होता. तो मी स्कूल बसमध्ये मुलांच्या तोंडी ऐकला होता आणि स्वतः कधी उच्चारला नव्हता. मामांसमोर तर नाहीच.

एवढ्यात मामा सुरी घेऊन आले. बरोबर त्यांचे एक मित्र होते, यवतचे, जेवायला थांबलेले. मामांनी कोंबडीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, मरायच्या आत कापलेली बरी, मेल्यावर कोण खातंय. त्यांनी ती माझ्या मांडीवरून उचलली, दोन्ही पाय एका मुठीत, डोकं खाली. आत मामी मसाला वाटत होत्या. मिक्सर बंद झाला आणि परत चालू झाला नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ते सोपं होतं. मामींनी घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि तिला त्यात बसवलं. पाणी गार झालं की मी बदलत होते. नाकातलं पीस मामांनी स्वतः काढलं, कुणाकडे न बघता. मामींनी बोटाला गोडंतेल लावलं आणि हलक्या हातानं काम केलं, अजिबात न दाबता. बऱ्याच वेळानं अंडं आलं, खरबरीत, रक्तानं माखलेलं. मामी गुडघ्यांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेतात, त्यातली एक कुटून भाकरीच्या चुऱ्यात कालवली आणि तिला स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाटीखाली झाकून ठेवलं. ती जगली. पाहुण्यांना कोंबडाच कापला, माझी चप्पल खाल्लेला. लंगडत होता, म्हणून पटकन हाताला लागला. मीही जेवले.

पण त्याआधी ती मामांच्या मुठीत उलटी लटकत होती.

"मामा, थांबा," मी म्हणाले. "तिला अंडं अडकलंय."

"अडकलंय?" मामा मित्राकडे बघून हसले. "कुठं? घशात?"

"मागे."

"मागं म्हंजी कुठं, मॅडम? मागं तर गोठा हाय."

मित्र म्हणाले, शहरातल्या कोंबड्यांना मागची बाजू नसते, पाकिटातून येतात. मामा आणखी हसले. हसताना त्यांचा हात हलत होता आणि हाताबरोबर ती. तिचे पंख उघडून खाली लोंबले. अंग परत आवळलं आणि मामांच्या मनगटावर लाल थेंब पडला. त्यांनी सुरी ओट्यावर ठेवली आणि मोकळ्या हातानं तिची मान चाचपायला लागले. मामी दारात येऊन उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, कोंबडीकडे नाही.

"ढुंगणात," मी म्हणाले. "तिच्या ढुंगणात अडकलंय, मामा, आन् तुम्ही तिला उलटी धरलीया. सोडा."