एका गोळीच्या तीन जबान्या

भास्कर गेल्याचं मला आगाशीच्या बाजारात कळलं. नंदाखाल गावचा एक केळीवाला हवापाण्याचं बोलावं तसं बोलला, "तुमचा धावणारा गेला, मास्तर. तीन दिवस ताप आला नि आटोपलं." हातातली वांगी मी परत टोपलीत ठेवली. त्याला महिना झाला. अजून रडू आलेलं नाही, रागच येतो... कधी त्याचा, बहुतेक वेळा माझाच.

आम्ही एका बाकावरचे. मी मास्तर झालो, तो वाडीला पाणी लावायचा आणि उरलेला वेळ पळायचा. आगाशी ते विरार शर्यत त्याने दोनदा मारली होती. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली त्या वर्षी तर तो असा आला, की आमची फीत बांधून व्हायची होती! पंचांपैकी मी एक, घड्याळ माझ्या हातात. मी थट्टेनं विचारलं, "काय खाऊन आलास रे?" तो एकदम तडकला, "काही नाही!" दुसऱ्या दिवशी एका दवाखान्याचा कंपाउंडर बढाया मारू लागला, की लढाईत शिपायांना देत ती जागरणाची गोळी आपल्याकडूनच गेली आणि तीच शर्यत जिंकली.

आमच्या नियमांत गोळीबद्दल एक अक्षर नव्हतं. "घेतली" म्हणाला असता तर हसून सोडून दिलं असतं. पण या शहाण्याने देवळात नारळावर हात ठेवून शपथ घेतली, पोटात काही नव्हतं म्हणून. दोन दिवसांनी म्हणाला, डोकं दुखत होतं, एक गोळी घेतली होती. पंच चिडले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या आईकडे बोट दाखवलं. "आईनं दिली." त्याची आई, आमच्या काकी, पदर सावरत पुढे आल्या. "व्हय, मीच दिली."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. स्वतःची कातडी वाचवायला आईला पुढे करतो! मी तिथून उठलो तो नऊ वर्षं त्याच्याशी बोललो नाही. शर्यतीत जिंकलेली ढाल तो आपणहून माझ्या ओट्यावर ठेवून गेला, कोणी मागितलीही नव्हती. पुन्हा कधी धावला नाही.

बाराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. काकी चुलीपाशी होत्या. न राहवून म्हणालो, "काकी, आता तरी खरं सांगा."

"तवाच सांगितलं की. ताकदीची म्हणून मी आनली, केळ्यात घालून दिली. पोराला ठाव नव्हतं. शपथ घेऊन घरी आला, तवा मी सांगितलं, म्हनून मला झाकायला डोकेदुखीचं बोलला. मंग तुम्ही डोळे वटारलेत, नि घाबरून माझं नाव सांगितलं."

म्हणजे शपथ खरी होती? की ही आई अजूनही त्याला पदराखाली घेते आहे? मला खरंच कळत नाही. आणि त्या दिवशी एकट्याला बाजूला घेऊन मी विचारलं का नाही, हे तर त्याहून कळत नाही.

काकींनी ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "भास्कर, ये रे, वाढलंय..."

मग मागचं दार लोटून घेतलं, आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.