ऋषीच्या भाजीसाठी टनेल

आमच्या श्टुटगार्टच्या मराठी मंडळींत कोणी नवा श्रेबरगार्टन घेतला, की आठवड्याभरात मला फोन येतो. श्रेबरगार्टन म्हणजे वस्तीच्या कडेला भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा: एक लाकडी खोपट, चार वाफे आणि ढीगभर नियम. प्रश्न ठरलेला. "ताई, दुकानात भाज्यांवर घालायचा प्लॅस्टिकचा टनेल स्वस्तात लागलाय. घ्यावा का?" मी म्हणते, "मुळीच घेऊ नका." पलीकडचा माणूस हिरमुसतो. बहुतेक वेळा तो टनेल आधीच गाडीत टाकून घरी निघालेला असतो, त्याला फक्त शाबासकी हवी असते.

आम्हीही तसेच निघालो होतो. दोन हजारच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. नवरा त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, मी पोटुशी, आणि एप्रिलमध्ये सासूबाईंचा पुण्याहून फोन. "बाळंतपणाला येते, पण ऑगस्टमध्ये परत जाणार. ऋषिपंचमी मला घरीच करायला हवी."

ऋषिपंचमी म्हणजे गणपतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हातानं खणलेल्या जमिनीतलंच खायचं. त्यासाठी ती ऋषीची भाजी: अळू, भेंडी, पडवळ, मका, भोपळा, सगळं एकत्र शिजवलेलं, तेलाचा थेंब नाही. सासूबाईंनी हे व्रत लग्नापासून कधी मोडलं नव्हतं. सासरे गेले त्या वर्षीसुद्धा नाही.

नवरा फोनवर वाद घालत बसला. "आई, जर्मनीत नांगराला बैल दिसतो का कुठे? सगळे ट्रॅक्टर. म्हणजे इथलं सगळंच तुला चालेल!"

"ट्रॅक्टर म्हणजे डिझेल पिणारा बैलच," सासूबाई म्हणाल्या. "मला शिकवू नकोस."

मी फोन हातात घेतला आणि म्हटलं, "आई, तुमची भाजी मी इथे पिकवते, स्वतःच्या हातानं खणून. मग तर राहाल ना ऑक्टोबरपर्यंत?" त्या म्हणाल्या, "भाजी झाली तर राहीन. नाही झाली तर तिकिटाची तारीख बदलून द्यायची. मग रडायचं नाही."

मला त्या हव्या होत्या हो. सरळच सांगते. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली होती. सासूबाईंशी माझं भांडण आमटीच्या गुळापासून पडद्याच्या रंगापर्यंत सगळ्यावर झालं होतं, तरी त्या परक्या देशात, पहिलं मूल कुशीत घेऊन, दिवसभर एकटीनं भिंतींकडे बघत बसायची मला भीती वाटत होती. नवरा सकाळी जाणार तो संध्याकाळी येणार. बाळाला तेल कोण लावणार? रडलं तर का रडतंय हे कोण सांगणार? शेजारीण जिन्यात भेटली तर 'हालो' म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

तर भेंडी, अळू आणि पडवळ. श्टुटगार्टच्या थंडगार मे महिन्यात. म्हणून तो टनेल आला: बारीक लोखंडी कमानी, वर हिरव्या जाळीचं पातळ प्लॅस्टिक आणि पुढे एक चेन. नवऱ्याने दुकानाचा माहितीचा कागद बघितलासुद्धा नाही. कारखान्यातल्यासारखं कॉम्प्युटरवर चित्र काढलं, वाऱ्याचा हिशोब केला आणि जादा खिळे ठोकले. म्हणाला, "आता वादळ आलं तरी हलणार नाही." माती मात्र मी खणली. पोट सांभाळत, रोज थोडी थोडी. तो "दे मी करतो" म्हणायचा आणि मी त्याच्या अंगावर ओरडायचे, कारण शब्द मी दिला होता.

आमच्या कुंपणापलीकडे एक जर्मन आजी होत्या. एकट्या, ऐंशीच्या घरातल्या, कायम निळा एप्रन. त्यांना आमचा टनेल डोळ्यासमोर नको होता. "प्लास्टिक!" म्हणायच्या आणि मान हलवायच्या. एकदा म्हणाल्या, "दुपारी चेन उघडी ठेव, आत झाडं गुदमरतात." नवरा मला मराठीत म्हणाला, "हिला काय माहीत? भेंडीला पुण्याचा उन्हाळा सोसतो." बोलूनचालून पुणेकर! आजी गुरगुरत आपल्या वाफ्याकडे गेल्या.

पण भेंडी खरंच आली. जूनच्या शेवटी मुलगी झाली, पाठोपाठ सासूबाई आल्या, आणि जुलैअखेर मी त्यांना पहिलं फूल घरी आणून दाखवलं. पिवळं, आत जांभळा ठिपका. अळूची पानं तळहातापेक्षा मोठी झाली होती. सासूबाई वरवर म्हणाल्या, "बरंय." पण रात्रीच्या जेवणात मला वाटीभर जास्त तूप वाढलं, ते मी बरोबर ओळखलं. घरात बाळंतशेपेचा वास असायचा, बाळाच्या अंगाला तेलाचा, आणि त्या आंघोळ घालताना काहीतरी जुनं गुणगुणायच्या. आयुष्यात एवढी शांत झोप मला परत कधी लागली नाही.

आणि मग ऑगस्टच्या मध्यात, भर दुपारी, गारा पडल्या.

लिंबाएवढ्या गारा. खिडकीतून दिसत होतं, रस्त्यावरच्या गाड्यांचे टप वाजत होते. नवरा आल्यावर आम्ही तिघं बाळाला घेऊन बागेत गेलो. कमानी जागच्या जागी उभ्या होत्या, नवऱ्याचे खिळे हलले नव्हते. फक्त प्लॅस्टिक उरलं नव्हतं. त्याच्या चिंध्या कमानींना लोंबत होत्या, आणि खाली भेंडी, अळू, पडवळ, सगळ्याचा चिखल. मी तिथेच मटकन बसले आणि रडले. नवरा पुटपुटत होता, "वाऱ्याचा हिशोब केला होता गं, गारांचा नाही केला."

सासूबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "पुरे आता. केलंस तेवढं पुष्कळ झालं. तिकिटाचं बघा." आवाज मऊ होता, म्हणून तर मला जास्त रडू आलं.

कुंपणापलीकडे आजी वाकून गारांनी झोडपलेला वाफा सावरत होत्या. त्यांच्या हातात चार दातांचा काटा होता, माती उकरायचा. सासूबाई बागेत त्या दिवशी पहिल्यांदाच आल्या होत्या. त्या बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "अगं, ही म्हातारी सगळं हातानंच खणते का? विचार बघू."

मी डोळे पुसून विचारलं. आजी ताठ झाल्या. "तर! मग कशानं? ह्या वसाहतीत यंत्र आत आणायचं नाही, आणि घोडा तर माझ्या वडिलांकडेही नव्हता. लग्न होऊन आले तेव्हापासून खणते आहे."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. उभा उन्हाळा आम्ही मंडईतल्या भाज्यांची यादी डोक्यात धरून बसलो होतो. भेंडीच हवी, अळूच हवा! आणि बैलाचं पाऊल न लागलेली जमीन कुंपणापलीकडे होती.

"मग हिची भाजी मला चालेल," सासूबाई म्हणाल्या. "दे म्हणावं."

मी ते जरा सभ्य करून सांगितलं. काय, कशासाठी, तेही सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं, एप्रनला हात पुसले आणि विचारलं, "कधी आहे तो दिवस?"

पंचमीच्या सकाळी आमच्या बागेच्या फाटकाला एक वेताची टोपली अडकवलेली होती. मका, लाल भोपळा, फरसबी, आणि मांगोल्ड या इथल्या पालकासारख्या भाजीची रुंद पानं. मिरची आमच्या खिडकीतल्या कुंडीतली. सासूबाईंनी एकादशीसाठी आणलेली वरी शिजवली, भाजी केली, आणि पहिला घास घेऊन म्हणाल्या, "मांगोल्ड का काय ते, अळूची सर नाही. पण गोड आहे." मग एक डबा भरून माझ्या हातात दिला, "म्हातारीला नेऊन दे." आजींनी खाल्लं, नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि डबा चाटूनपुसून परत केला. सासूबाई ऑक्टोबरपर्यंत राहिल्या.

त्यानंतर दर उन्हाळ्यात आजी कुंपणावरून विचारायच्या, "ह्या वर्षी कधी?" आपली तिथी दरवर्षी हलते हे त्यांना पटायला वेळ लागला, पण पटलं. सासूबाई इथे असोत की पुण्यात, टोपली यायचीच. "आईसाठी," त्या म्हणायच्या. सासूबाई नसल्या तर आम्ही ती भाजी नेहमीसारखी खायचो, आणि त्यांना फोन करून टोपलीत काय होतं ते सांगायचो.

दशक संपता संपता सासूबाई गेल्या. फेब्रुवारीत. आम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या उन्हाळ्यात आजी फार थकल्या होत्या, कुंपणाला धरून उभ्या राहायच्या. "ह्या वर्षी कधी?" त्यांनी विचारलं. सासूबाई गेल्याचं माझ्याच्याने सांगवेना. मी तारीख सांगितली.

टोपली आली. आत एकच छोटा भोपळा, मूठभर फरसबी आणि मांगोल्ड. मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, "पण पुण्याची आजी तर नाहीये ना आता. मग पंचमीचं म्हणून हे कोण खाणार?"

"मी," म्हटलं. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. वरी भिजत घातली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी पंचमी धरली.