झोपलेल्या बाटल्या उठवू नका

त्याच्या तळघरात पाऊल टाकलं की तो आधी ओठांवर बोट ठेवायचा. मग तुम्हाला खांद्याला धरून कोपऱ्यातल्या पांढऱ्या पिंपापाशी न्यायचा आणि कान झाकणाजवळ टेकवायला लावायचा. झाकणावर पाणी भरलेली एक छोटी नळी असे. पिंपातली बिअर आंबू लागली की त्या नळीतून थोड्या थोड्या वेळानं ‘डुब्’ असा आवाज येई. "ऐकू येऊन राहिलं?" तो कुजबुजायचा. "काम चालू आहे, भाऊ." बाळानं पहिल्यांदा ‘बाबा’ म्हटल्यावर बापाचा चेहरा होतो तसा त्याचा झालेला असे.

हा आमचा अमेरिकेतल्या अल्फारेटातला शेजारी. मूळचा नागपूरचा, नोकरीनं सॉफ्टवेअरवाला आणि स्वभावानं बिअरवाला. घरी बिअर करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नव्याची नवलाई म्हणून एकदा करतात, फोटो टाकतात आणि पिंप गॅरेजमध्ये जातं. हा तसल्यांतला नव्हता. दर दुसऱ्या शनिवारी त्याच्याकडे बिअर शिजायची म्हणजे शिजायचीच. बाहेर बर्फ पडो नाहीतर घरात पाहुणे असोत.

"इतक्या वेळा कशाला करतोस रे?" मी एकदा विचारलं.

"एकटा असतो तर दोन महिन्यांतून एकदा केली असती," तो म्हणाला. "पण तुम्ही आहात ना."

त्याचा हिशोब साधा होता. एक बिअर पिंपात, एक बाटल्यांत आणि एक फ्रिजमध्ये. पिंपातली आंबते आहे, बाटल्यांतली निवांत मुरते आहे, फ्रिजमधली पिऊन होईपर्यंत बाटल्यांतली तयार. कागदावर हे सगळं बिनचूक होतं. अडचण आमची होती. आम्ही चार-पाच मराठी घरं क्रिकेट झालं की, मुलांचा वाढदिवस झाला की आणि काहीच झालं नाही तरी त्याच्या घरामागच्या लाकडी डेकवर जमायचो. फ्रिज संपला की आमचे डोळे तळघराच्या दाराकडे जायचे. तो दारात आडवा उभा राहायचा. "झोपलेल्या बाटल्या उठवू नका बे! अजून दोन आठवडे पाहिजेत." पाच मिनिटांनी तोच बाटल्या घेऊन वर यायचा. पाहुण्याला नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. मग आमच्यासमोर ग्लास उजेडात धरून हळहळायचा, "बघ, कच्ची आहे. कच्ची आहे ना?" आम्ही तोंड पुसत म्हणायचो, "थोडीशी."

त्यामुळे त्याची पूर्ण मुरलेली बिअर कशी लागते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं.

रिकाम्या बाटल्यांच्या बाबतीत मात्र तो कठोर होता. गॅस सिलिंडरसारखा कारभार. रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. तीही धुतलेली हवी आणि फिरवून उघडायच्या झाकणाची चालायची नाही. आमच्यातला एक जण केवळ योग्य जातीच्या रिकाम्या बाटल्या मिळाव्यात म्हणून दुकानातून बिअर आणून बायकोच्या देखत नाइलाजानं संपवत असे. इथल्या बहुतेक मराठी घरांत डिशवॉशर म्हणजे हातानं घासलेली भांडी निथळायची जागा. त्या घरात तो खराखुरा चालायचा, पण फक्त बाटल्यांसाठी. वहिनींची भांडी सिंकमध्ये वाट बघत बसायची.

वहिनी पुण्याच्या. डेकवरची गॅसची मोठी शेगडी त्यांनी हौसेनं घेतली होती, घरात तळणाचा वास कोंडू नये म्हणून. तिच्यावर पहिला हक्क चकलीचा की बिअरचा, यावर त्या घरात दर दुसऱ्या शनिवारी बोलणी व्हायची. एका दिवाळीच्या सुमाराला दोन्ही कामं एकाच सकाळी उरकायची ठरलं आणि लसूण शेवेच्या तेलातला झारा चुकून उकळत्या बिअरमध्ये गेला. ती बिअर आम्ही प्यायलो. दुसऱ्यांदा मागूनही घेतली. वहिनी म्हणाल्या, "तुम्हा लोकांना फिनेल दिलं तरी चालेल!"

मग एका गुरुवारी त्याची नोकरी गेली. कंपनीनं सगळी टीमच काढली. व्हिसावर राहणाऱ्याला अशा वेळी जेमतेम दोन महिने मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर घर, गाडी, मुलीची शाळा सगळं आवरून परत. त्यानं हे आम्हाला शेगडी पेटवता पेटवता सांगितलं. त्या दिवशी शनिवारही नव्हता.

आणि मग पूर आला. घरीच असल्यामुळे तो दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बिअर लावू लागला. पिंपं वाढली. वर्षानुवर्षं तुटवड्यात काढलेल्या आमच्या टोळीवर अचानक सुबत्ता कोसळली. येताना रिकामी बाटली आणली नाही तरी तो चार भरलेल्या हातात कोंबायचा. विकायची परवानगी नाही, फेकायची छाती नाही. वहिनी भज्यांच्या पिठात बिअर घालू लागल्या. मी माझ्या घरी तिच्यात राजमा शिजवला आणि मुलगी म्हणाली, "बाबा, धिस इज सो वीअर्ड, कॅन आय हॅव मोअर?"

मुलाखतीही तो तळघरातूनच द्यायचा, तिथं शांत असतं म्हणून. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे नळ गळतोय का? झालं! यानं लॅपटॉप उचलून एकेका पिंपाची ओळख करून दिली. अर्धा तास यीस्टवर बोलला. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी स्वतःच्या नवऱ्याला स्क्रीनसमोर बोलावलं. नोकरीचं मात्र पुढच्या आठवड्यात कळलं, की ती जागाच रद्द झाली.

"अरे, एवढी पिणार कोण?" मी अखेर त्याला म्हणालो.

त्यानं पिंपाच्या झाकणावर हात ठेवला. "पिंपात काही असलं ना भाऊ, की माणसाला जाता येत नाही. झाली का बघायला थांबावंच लागते." मला हसू आलं नाही. घरी येऊन मी बायकोला सांगितलं आणि ती जेवता जेवता थांबली.

मुदत संपत आली तेव्हा वहिनींनी सत्यनारायण घातला. गुरुजी पुण्यातून, टॅबलेटवर. इथं सकाळ, तिकडे संध्याकाळ. चौरंगासमोर तो पीतांबर नेसून बसलेला, वहिनी पैठणीत, आम्ही सगळे मागे, शिऱ्याचा वास सुटलेला. कथा रंगात आली आणि खालून आवाज आला. फट्! गुरुजी थांबले. पुन्हा वाचू लागले. फट्! फटाफट!

"यजमान," गुरुजी स्क्रीनमधून म्हणाले, "फटाके आरतीच्या वेळी वाजवायला सांगा."

त्याचा चेहरा पांढरा पडला. बिअर पुरती आंबायच्या आत बाटलीत भरली तर ती आतच आंबत राहते, आणि मग काच ऐकत नाही. तो गुरुजींना "आलोच" म्हणून उठला. गॅरेजमधलं क्रिकेटचं हेल्मेट, दोन्ही पॅड आणि विकेटकीपरचे ग्लव्ह्ज चढवून, खाली पीतांबर तसाच, तळघराचा जिना उतरू लागला. हातात बाटलीचं ओपनर. दोन-तीन पायऱ्या उतरल्यावर वळून आम्हाला म्हणाला, "कोणी येऊ नका. आणि शिरा संपवू नका बे!"

खाली एकेका बाटलीचं झाकण उघडल्याचा फुसफुसाट ऐकू येत राहिला. उदबत्तीत बिअरचा वास मिसळला. गुरुजींनी तिकडे पुढचा अध्याय धरला होता, आणि आमच्यापैकी कुणालाही मान वर करायची सोय नव्हती, इतकं हसू दाटलं होतं.

तो वर आला तेव्हा हेल्मेटच्या जाळीतून फेस ठिबकत होता. वहिनी जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्याही हसत होत्या. हसता हसता त्यांनी विचारलं, "तू तर कधी घाई करत नाहीस. मग ही एवढ्या लवकर का भरलीस?"

तो ग्लव्ह्ज काढत राहिला. "जायच्या आधी भरून व्हावी म्हणून."

वहिनींचं हसू तिथंच थांबलं. नोकरीसाठी पूजा चाललेली, आणि त्यानं मनातून कधीच आवराआवर सुरू केली होती, हे आम्हाला सगळ्यांना एकदमच कळलं. त्या पुढे झाल्या आणि ओल्या हेल्मेटसकट त्याचं डोकं, पैठणीची पर्वा न करता, छातीशी धरलं. टॅबलेटवर गुरुजी आरतीची वाट बघत होते. मग आम्ही आरती केली, इतकी मोठ्यानं की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

नोकरी लागली नाही. ते तिघं नागपूरला गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी तो शेवटचं भरलेलं पिंप माझ्या गॅरेजमध्ये ठेवून गेला. "बुडबुडे थांबले तरी लगेच भरू नको," त्यानं बजावलं. विमानतळावरही सामानाबद्दल बोलायचं सोडून तो मला बाटल्या भरताना साखर किती घालायची ते सांगत होता. मिठी मारायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, "साखर सपाट चमचा की शिगोशीग?" तो एवढा खूश झाला, की पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.

आम्ही सगळ्यांनी मिळून ती भरली. सांगितले तेवढे आठवडे थांबलो. पहिली बाटली माझ्या डेकवर उघडली. इतकी सुरेख बिअर आम्ही कधी प्यायलो नव्हतो. त्याच्याच हातची, आणि तो नाही. एकानं ग्लास खाली ठेवून सरळ डोळे पुसले.

तिकडे त्याला बरी नोकरी मिळाली आहे. घरी बिअर करायची तिथं परवानगी नाही. रविवारी त्याचा फोन येतो, क्रिकेट, मुलीची शाळा, ऊन असं सगळं होतं, आणि मग तो हळूच विचारतो, "बिअर संपली ना बे?"

अर्ध्याहून जास्त बाटल्या माझ्या कपाटात आहेत. वर्ष होत आलं, कुणी मागत नाही, मीही काढत नाही. पण उरली म्हटलं तर त्याला वाटेल, बिघडली.

"केव्हाच!" आम्ही सगळे एका सुरात ओरडतो. "तुझी कधी उरलीये का?"