आवडूकाकीच्या बाटल्या

आवडूकाकी निघाली की देवबागेत ते आधी कानांना कळायचं. तिच्या डोक्यावरच्या टोपलीत गावभरच्या आजाऱ्यांच्या रिकाम्या बाटल्या किणकिणायच्या. सत्तरीची ही आमची शेजारीण रोज किनाऱ्याच्या वाळूतून मालवणच्या दवाखान्यात जायची आणि बाटल्या औषधाने भरून आणायची. मोबदला म्हणून कुणी चहा दिला तर प्यायची, एवढंच.

"पाय चलतत तवसर कोणाच्या दारात बसाचा नाय," असं ती म्हणायची. खरंच तिचे सांधे कधी धरले नाहीत. भूक सपाटून लागायची, पाठ टेकली की झोप. मी तेव्हा आरोग्याची पत्रकं छापून वाटत होतो. 'रोज चाला, निरोगी राहा' या पत्रकात मी तिलाच पुढे केलं. वाचून दाखवलं तर हसली.

"गाडी नाय म्हणान चलतंय रे मी. ह्यां लिवलंस काय?"

लिहिलं नव्हतं. उरलेली पत्रकं तिने बाटल्यांना गुंडाळायला मागून नेली. तेव्हापासून किणकिण थांबली.

पुढे गावाला दवाखाना हवा म्हणून अर्ज केला. पहिला अंगठा काकीचा. पाहणीला साहेब होडीतून आले, बूट भिजू नयेत म्हणून गड्याच्या खांद्यावरून उतरले, आणि खिशातून माझंच पत्रक काढलं. जिथली म्हातारी रोज मालवण गाठते त्या निरोगी गावाला दवाखाना कशाला, म्हणाले. गावच्या प्रतिष्ठितांनी माना डोलावल्या. काकी उठली.

"सायबानू, माका चलाक येता, म्हणान बाळंतिणीक चलाक येता काय?"

साहेबांनी अर्जाची घडी घातली. ती अजून कुणी उलगडलेली नाही.

त्याच वर्षी भादव्यात काकी तापाने फणफणली, छाती भरली. गावात तिच्यासाठी चालणारं कुणी नव्हतं. ते काम तिचंच होतं ना! शेवटी मी बाटली उचलली. ओल्या वाळूत पाय रुतत होते. जाताना तीनदा बसलो. कंपाउंडरने बाटली भरली आणि मायेने निरोप दिला, "काकी नाय इली? तिका सांग, चलणां सोडू नको म्हणान."

परतलो तर तिला अंगणात आणून ठेवलं होतं. माझ्या हातात भरलेली बाटली होती, माझ्याच पत्रकात गुंडाळलेली.

चालण्याचे फायदे खरे आहेत. त्यातला शब्दही मागे घेत नाही. पत्रक आजही काढतो. फक्त पहिली ओळ आता तिची असते: गाडी नाही म्हणून चालते.